पेशवा शरण गेला, तरी मालेगाव का लढत होते?

शाळेच्या पुस्तकात मराठेशाहीचा शेवट दोन ओळींत उरकतो. 3 जून 1818 रोजी दुसरा बाजीराव असीरगडाजवळ सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला 8 लाखांचे पेन्शन ठरले, स्वारी गंगेकाठी बिठूरला रवाना झाली. संपले.

पण त्या 3 जूनला मालेगावच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडलेला होता आणि पुढे आणखी दहा दिवस तो उठला नाही. ज्याच्या नावाने राज्य चालायचे तो पेशवाच शरण गेला होता. होळकर जानेवारीतच मंदसौरच्या तहाने गप्प झाले होते. राजदेहेर, त्र्यंबक यांच्यासारखे बेलाग डोंगरी गड एप्रिलमध्येच पडले होते. आणि हे सपाटीवरचे, नदीकाठचे भुईकोट ठाणे मात्र हटत नव्हते. आतली माणसे तरी कोण? ना मावळे, ना मराठे सरदार. अरबस्तानातून पोटासाठी आलेले तीन-साडेतीनशे शिपाई.

ही माणसे कशासाठी मरत होती? इंग्रज लेखकांनी त्यांच्या 'कडवेपणा'वर बोट ठेवले, आपल्याकडे कुणी स्वामिनिष्ठेचे गोडवे गायले. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. खरे उत्तर बरेच रुक्ष आहे. त्यांचा पगार थकला होता. हा थकलेला पगार नीट समजून घेतला, तर मूठभर परदेशी व्यापाऱ्यांनी एवढा मोठा देश कसा गिळला याचाही बराच उलगडा होतो.

किल्ला एकाचा, शिबंदी दुसऱ्याची

मालेगावचा किल्ला 1740 च्या सुमारास नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधायला घेतला. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ आणि घंटा आहे, तेच हे नारोशंकर. झाशीचा कारभारही काही वर्षे त्यांच्याकडे होता आणि तिथल्या किल्ल्याचा विस्तार त्यांनीच केला. किल्ले बांधण्याची जाण असलेला माणूस. मालेगावला त्यांनी मोसम नदीचा काठ धरला. आत उंच तटाचा चौकोनी कोट, कोपऱ्यांना गोल बुरूज, त्याबाहेर बुटकी रेवणी म्हणजे दुसरा तट आणि त्याच्याही बाहेर खोल खंदक. आज याच किल्ल्यात शाळा भरते.

1818 साली जहागीर नारोशंकरांच्या वंशातल्या गोपाळराव राजेबहाद्दरांची होती. पण नावापुरतीच. किल्ल्यावर हुकूम चालत होता तो अरब जमादारांचा. हे लोक बहुतेक येमेनच्या बाजूच्या हद्रमौत प्रदेशातले. ओसाड मुलूख, शेती जेमतेम, म्हणून तरुण पोरे जहाजाने हिंदुस्थानात यायची. निजाम, गायकवाड, नागपूरकर भोसले, पेशवे असे सगळेच त्यांना चाकरीला ठेवायचे. तटाआडून लढण्यात आणि बंदूक चालवण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. म्हणून त्यांना इथल्या शिपायाच्या दुपटीच्या आसपास पगार कबूल केला जाई.

तो हातात पडे का, हा प्रश्न वेगळा.

थकबाकी माणसाला बांधून ठेवते

आपल्याला वाटते, पगार दिला नाही तर माणूस नोकरी सोडून जातो. एक-दोन महिने थकले तर जातोही. पण वर्ष-दोन वर्षांचे पैसे अडकले की उलटेच घडते. मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या कोणत्याही कांदा उत्पादकाला हे सांगावे लागणार नाही. व्यापाऱ्याकडे मागल्या हंगामाची रक्कम अडकलेली असते, तरी नवा माल तो त्याच्याच दारात नेतो. दुसरीकडे गेला तर जुने पैसे बुडतात. येणे जितके मोठे, तितका माणूस त्याच दाराशी बांधला जातो.

पेशवाईच्या शेवटच्या पन्नास वर्षांत सैन्याची स्थिती अशीच होती. सरदाराला सरंजाम म्हणून गावे लावून दिलेली. गावांचा वसूल यायचा पिकानंतर, तोही पाऊस आणि लूटमार यांच्या मर्जीवर. शिपाई मात्र रोज खायला मागणार. मधल्या काळात सावकार पैसे पुरवायचा. शिपायाला रोजमुरा म्हणून पोटापुरते थोडे दिले जाई आणि उरलेले खात्यावर चढत राही. तगादा लावून दमलेली पलटण शेवटी सरदाराच्या वाड्यासमोर धरणे धरून बसे. आत अन्नपाणी जाऊ देत नसे. वसूल झाला नाही तर सरदाराला कैदच. मोठमोठे सरदार आपल्याच शिपायांच्या कैदेत पडल्याच्या कथा त्या काळच्या कागदपत्रांत जागोजाग आहेत. मालेगावचे गोपाळरावही या रांगेतलेच.

याचा दुसरा मासला पुण्याचा. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पगार थकला, बाजीरावाने कबूल केलेले पैसे मिळेनात. तेव्हा 1798 साली शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातल्या सावकारांना आणि प्रतिष्ठितांना पकडून, मारझोड करून रकमा उकळल्या. फौजेचे तोंड तेवढ्यापुरते बंद झाले. पण ज्या सावकाराच्या पाठीवर असे कोरडे पडले, तो पुढच्या खेपेला पैसे कुणाला देणार? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जामीन राहील तो मालक

अरबांची पकड नुसत्या थकबाकीवर नव्हती. बडोद्याला गायकवाडांकडे तिला एक ठरीव रूप आले होते, तिला बहांदरी म्हणत. बहांदरी म्हणजे जामीनकी. गायकवाड सरकारने सावकाराकडून कर्ज घेतले की जामीन कोण? अरब जमादार. सरकारने एखाद्याला अभय दिले की त्या शब्दाला जामीन कोण? पुन्हा जमादारच. राजाच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, पण ज्याच्या हातात शहराचे दरवाजे आहेत त्याच्यावर आहे. अशा राज्यात खरा मालक कोण, हे सांगायला नको.

1802 साली बडोद्याचे दिवाण रावजी आपाजी यांनी अरबांच्या या विळख्यातून सुटण्यासाठी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला हाक मारली. मेजर वॉकर फौज घेऊन आला, त्या डिसेंबरात शहराला वेढा पडला आणि अरब हटले. पण त्यांना नुसते हाकलता येत नव्हते, आधी त्यांची बाकी चुकवावी लागली. ती रक्कम कंपनीने आणि सावकारांनी मिळून उभी केली. झाले काय? गायकवाडांची देणी फिटली नाहीत, घेणेकरी बदलला. बहांदरी अरबांच्या हातून कंपनीच्या हाती गेली. पुढे कंपनीची तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. एकही मोठी लढाई न हरता बडोद्याचे राज्य अंकित झाले.

पेशव्याचेही याच वर्षी वसईत असेच झाले. 31 डिसेंबर 1802 च्या तहाने बाजीरावाने कंपनीची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. फौज नावाला पेशव्याची. तिचा पगार देणार कंपनी, म्हणून ती हुकूम मानणार कंपनीचा. पेशव्याच्या मुलुखाच्या पैशातून उभी राहिलेली कंपनीची फौजच पंधरा वर्षांनी, 5 नोव्हेंबर 1817 ला, खडकीच्या मैदानात पेशव्यासमोर उभी होती.

देण्याच्या दोरीने माणसाला किंवा देशाला बांधणे हे काही हिंदुस्थानापुरते नव्हते. हैतीमधल्या आफ्रिकी गुलामांनी लढून फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळवले, 1804 साली देश उभा केला. 1825 मध्ये फ्रान्सने आरमार पाठवून त्यांच्याकडून 15 कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. भरपाई कशाची? मालकांची 'मालमत्ता' गेली त्याची. त्या मालमत्तेत ही माणसेही आली. पहिला हप्ता भरायला हैतीने कर्ज घेतले, तेही फ्रेंच पेढ्यांकडून. तोफेने मिळवलेले स्वातंत्र्य कर्जाच्या कागदावर गहाण पडले.

मे 1818 : मोसमच्या काठी

आता मालेगावला येऊ. अरबांच्या मनात त्या वेळी दोन ताज्या आठवणी असणार. एक नागपूरची. डिसेंबर 1817 मध्ये नागपूर शहरातल्या अरबांनी इंग्रजांचा हल्ला परतवला आणि मग वाटाघाट करून, बायकामुले आणि सामान घेऊन सुखरूप बाहेर पडले. दुसरी थाळनेरची. 27 फेब्रुवारी 1818 रोजी तापीकाठच्या त्या किल्ल्यात शरणागतीची बोलणी चालू असताना दरवाजात गोंधळ झाला, काही इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने आतली सगळी शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला फाशी दिली. या प्रकरणाची चर्चा पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेली.

दोन्हींचा अर्थ एकच निघत होता. आधी लढून वजन दाखवा, मग लेखी घेऊन बाहेर या. तोंडी शब्दावर दरवाजा उघडलात तर थाळनेर.

लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल 15 मे रोजी मालेगावपुढे येऊन ठेपला. बरोबर जेमतेम हजार बंदूकधारी, पावणेतीनशेच्या आसपास बेलदार-खणक्ये आणि लहानसा तोफखाना. खानदेशातले उन्हाळ्याचे दिवस. जमीन तापून कडक झालेली आणि त्या जमिनीतच खणायचे होते.

वेढ्यात खणायचे कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. तट पाडायला तोफा जवळ न्याव्या लागतात. उघड्यावरून नेल्या तर तटावरचा बंदूकवाला एकेकाला टिपतो. म्हणून चर खणत पुढे सरकायचे. तो चर सरळ खणला तर तटावरून मारलेली गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल, म्हणून नागमोडी खणायचा. खणलेली माती बांबूच्या विणलेल्या बिनबुडाच्या कणग्यांत भरून समोर आडोसा करायचा. खंदक बुजवायला काटक्यांच्या मोळ्या बांधायच्या. हे सगळे रात्रीच्या अंधारात. पुरेसे जवळ गेल्यावर दमदमा उभारून तटाच्या एकाच जागी दिवसेंदिवस गोळे मारायचे, म्हणजे दगड ढासळून खंदकात पडतात आणि उतार तयार होतो. त्या उतारावरून माणूस बंदूक हातात धरून चढू शकला, तर खिंडार 'पडले' असे समजायचे. नुसते भोक पडून उपयोग नसतो.

18 मेच्या रात्री काम सुरू झाले, तेवढ्यात अरब किल्ल्यातून तलवारी घेऊन बाहेर पडले आणि थेट चरांवर येऊन आदळले. त्यांना मागे रेटले गेले, पण त्या झटापटीत इंग्रजांचा मुख्य इंजिनिअर लेफ्टनंट डेव्हिस ठार झाला. वेढ्याची आखणी ज्याच्या डोक्यात होती तोच पहिल्या रात्री गेला.

तरी दहा दिवसांत खिंडार पडल्यासारखे दिसू लागले. 29 मे रोजी पहाटे तीन बाजूंनी एल्गार झाला. पेठेवर, म्हणजे गावावर गेलेल्या तुकडीने गाव घेतले. खिंडारावर चढणाऱ्यांचे मात्र फसले. पुढे राहून खिंडार पारखण्याचे काम इंजिनिअरचे असते. तो तरुण अधिकारी, एन्साइन नॅटेस, उतारावरून वरपर्यंत चढला आणि पलीकडे पाहतो तो आत उतरायला वाटच नाही. बाहेरून उतार होता, पण आतल्या अंगाला सरळ कडा होता आणि तोंडावर अरबांच्या बंदुका. तो वरच कोसळला. मागून आलेल्या शिड्याही कामाला आल्या नाहीत. मॅकडॉवेलने माणसे मागे बोलावली. त्याचा दारूगोळाही आटत आला होता.

बाजीराव शरण गेला तेव्हा मालेगावची परिस्थिती ही अशी होती. किल्ल्यातल्यांचे पारडे जड होते.

> चौकट : एका वेढ्याच्या तारखा
> 15 मे 1818 – मॅकडॉवेलची फौज मालेगावपुढे दाखल
> 18 मे – रात्री चर खणायला सुरुवात. अरबांचा बाहेर येऊन हल्ला
> 29 मे – तीन बाजूंनी एल्गार. गाव पडले, किल्ला टिकला
> 3 जून – तिकडे असीरगडाजवळ बाजीराव शरण
> 11 जून – गरनाळांच्या माऱ्यात किल्ल्यातले दारूकोठार उडाले
> 13 जून – किल्ल्याचा ताबा
> 14 जून – शिबंदी बाहेर पडून हत्यारे खाली ठेवते

दारूकोठार आणि तिजोरी

यानंतरचा फरक शौर्याचा नाही, पुरवठ्याचा आहे. मॅकडॉवेलने अहमदनगरहून कुमक आणि गरनाळा मागवल्या आणि त्या आल्या. आत मात्र काहीच येणार नव्हते. लांब पल्ल्याची तोफ तटावर गोळा मारते, गरनाळ तटावरून आत फेकते. आखूड नळीतून वर उडालेला बॉम्बगोळा कमानीत जाऊन किल्ल्याच्या पोटात पडतो. 11 जूनला असाच एक गोळा दारूकोठारावर पडला. स्फोट एवढा झाला की आतल्या तटाचा मोठा भाग उडून खंदकात आडवा पडला. वीस-पंचवीस दिवस खपून तोफांना जो रस्ता करता आला नव्हता, तो अरबांच्याच दारूने करून दिला. या वेढ्यात कंपनीची दोनशेवर माणसे मेली किंवा जखमी झाली. पण पडलेल्या माणसाच्या जागी दुसरा आणायला तिच्याकडे पैसा होता.

हा पैसा कुठून आला? विलायतेहून जहाजे भरून आला, अशी एक समजूत आहे. तसे नव्हते. 1765 साली कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा अधिकार मिळाला. बंगालच्या शेतकऱ्याचा सारा हे तिचे कायमचे उत्पन्न. त्या भरवशावर ती हिंदुस्थानातल्याच सावकारांकडून कर्ज काढत असे आणि हुंड्यांवरून ते मुंबईकडे, मद्रासकडे फिरवत असे. सुरतेच्या त्रवाडी अर्जुनजी नाथजी यांच्या पेढीने मुंबईच्या इंग्रजांना मराठ्यांविरुद्धच्या युद्धांत मोठा हात दिला.

मघाचा प्रश्न इथे येतो. सावकार कंपनीला पैसे का देत? देशप्रेम नव्हते म्हणून, असे म्हणून मोकळे होता येईल. पण सर्जेराव घाटग्याचे पुणे आठवा. कंपनी व्याज ठरल्या तारखेला देई आणि सावकाराच्या दारात मारेकरी पाठवत नसे. भरवसा तिकडे होता, म्हणून व्याजही तिला कमी द्यावे लागे. त्या पैशातून शिपायाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. बंगालच्या शिपायाचा पगार 7 रुपये, म्हणजे अरबापेक्षा कमीच. पण मोहिमेवर गेला तर भत्ता आणि म्हातारपणी पेन्शन. कबूल केलेल्या जास्त पैशांपेक्षा हातात पडणारे थोडे पैसे शिपायाला मोलाचे वाटले, यात नवल ते काय! बंगालच्या सारा भरणाऱ्या कुळाने आणि सुरतेच्या ठेवीदाराने मिळून दख्खन जिंकून दिले, असे म्हटले तर कडू लागेल, पण खोटे ठरणार नाही.

तहाचा कागद

अरब बाहेर पडले ते लेखी घेऊनच. बोलणी झाली, मराठीत कागद तयार झाला आणि त्यात कंपनीच्या मुन्शीने असे शब्द घातले की शिबंदीच्या दृष्टीने जे सर्वांत हिताचे असेल ते कंपनी करील, असा अर्थ निघावा. मॅकडॉवेलच्या मनात एवढे द्यायचे नव्हते. त्याच्या मते ही बिनशर्त शरणागती होती. वाद दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याच्यापर्यंत गेला आणि त्याने कौल अरबांच्या बाजूने दिला. कागदात लिहिले आहे ते पाळायचे.

इंग्रज इतिहासकारांनी यात एल्फिन्स्टनचा मोठेपणा पाहिला. असेलही. पण हा हिशेबी माणूस होता. दख्खनमध्ये अजून कितीतरी ठाण्यांत असेच जमादार बसले होते. थाळनेरची बातमी पसरल्याने मालेगावला दोनशे माणसे पडली होती. कंपनीचा कागद खरा ठरतो ही बातमी पसरवणे त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होते.

कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहू लागला. मालेगावला इंग्रजांची छावणी पडली. 'कॅम्प' हे गावातल्या भागाचे नाव त्या छावणीचे. (मालेगाव तेव्हा खानदेशात मोडे, नाशिक जिल्हा 1869 मध्ये निघाला.) खानदेशातून अरबांचे पाय निघाले ते निघालेच. निजामाकडे मात्र त्यांची चाकरी पुढे सव्वाशे वर्षे चालू राहिली. हैदराबादची बारकस वस्ती आणि मराठवाड्यातली चाऊस आडनावाची घराणी त्यांच्यापैकीच.

पैसा आणि शिपाई काढून घ्या

1857 च्या उठावानंतर उत्तरेतून, आझमगड-बनारसच्या बाजूने, विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने खाली आली आणि मालेगावात मोसमच्या काठी वसली. हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे मालेगाव त्यांचे. खिलाफत आणि असहकाराची लाट गावात शिरली ती या मोहल्ल्यांतून.

असहकाराच्या मुळाशी काय होते? इंग्रजांचे राज्य इथल्या पैशावर आणि इथल्या शिपायावर उभे आहे, तर दोन्ही काढून घ्या. विलायती कापड नको, सरकारी कोर्ट नको, पदव्या नकोत. 1818 साली ज्या यंत्राने देश जिंकला त्याचेच आटे उलटे फिरवायचे. मालेगावात मात्र 25 एप्रिल 1921 रोजी जमावाचा तोल गेला. स्वयंसेवकांवरच्या खटल्यावरून भडका उडाला, पोलिस फौजदाराला जिवे मारण्यात आले. गांधीजींनी उघड निषेध केला. खटले चालले, काहींना फाशी झाली. त्यांचे स्मारक गावात आहे आणि त्यांना हुतात्मा म्हणायचे का, यावर बोलताना आजही माणसे शब्द जपून वापरतात.

त्याच वर्षी जुलैत कराचीच्या खिलाफत परिषदेने इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणे धर्माविरुद्ध आहे, असा ठराव केला. मोहम्मद अली आणि शौकत अली यांना त्यासाठी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सभा, मिरवणुका सरकार चालवून घेत होते. शिपायाच्या नोकरीला हात लावलेला त्याला चालत नव्हता.

ती नोकरी खऱ्या अर्थाने हलली ती 18 फेब्रुवारी 1946 ला, मुंबईत, 'तलवार' या नौदलाच्या ठाण्यावर. खलाशांनी काम बंद केले, एक-दोन दिवसांत बंदरातली जहाजे त्यांच्या बाजूला आली. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती. खाण्याजोगे जेवण द्या, हे होते. आणि गोऱ्या खलाशाइतका पगार द्या, हेही होते.